पद्मिनीचं छत: फेब्रुवारी ते मे २०२४ च्या नोंदी

४ फेब्रुवारी, रविवार

आज एकदाची सुरुवात केली. गाडी ८४ ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम कलर, बाबांनी ९१ मध्ये सेकंड हँड घेतली तेव्हापासून घरीच आहे. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगपाशी, सगळं मूळचं. मागच्या दोन वर्षांत ब्रेक झाले, वायरिंग झाली, राहिलं होतं ते आतलं छत. मागच्या सीटवर बसलं की रेक्झिन डोक्याला लागायचं, आईच्या अंबाड्याला तर नेहमीच, म्हणून बाबांनी कधीतरी दाभणाने जाड दोऱ्याचे टाके घालून ते आतल्या कांब्यांना बांधून ठेवलं होतं. ते टाके अजून दिसतात. ते पाहिलं की मला दरवेळी वाटायचं की हे नीट करायला पाहिजे, आणि घरीच करायला पाहिजे.

दोन दुकानांत विचारून पाहिलं होतं. दोन्हीकडे एकच उत्तर, जुनं सगळं फाडून टाकू आणि फोमवालं कापड सरळ पत्र्याला चिकटवून देऊ, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. मला ते पटलं नाही. या गाडीचं छत चिकटवलेलं नाहीच मुळी, ते टांगलेलं आहे. कापडाच्या मागच्या बाजूने पायजम्याला असतो तसा नेफा शिवलेला असतो, त्यातून लोखंडी कांबी जाते, कांबीची दोन टोकं दोन्ही बाजूंच्या भोकांत बसतात आणि कडा तेवढ्या चारी बाजूंनी चिकटवतात. मधे डिंक नाही. पत्रा आणि कापड यांच्यात हवा राहते, आणि नागपूरच्या उन्हात ती हवाच तर पाहिजे. फोमवालं कापड पत्र्याला डकवलं की दोनतीन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो आणि कापड परत खाली येतं, आताच्या गाड्यांमध्ये पाहतोच आपण.

११ फेब्रुवारी, रविवार

सीट काढल्या, सनव्हायझर काढले, आरसा काढला, बॅटरीची वायर काढून ठेवली. दारांच्या वरचं रबर आणि बीडिंग, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, हळूहळू ओढून काढलं, ते कडक झालंय, एका जागी तुटलं पण ते नवीन मिळतं म्हणून फिकीर नाही. प्रत्येक स्क्रू वेगळ्या डब्बीत, डब्बीवर चिठ्ठी, आणि प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी फोटो. हे फोटो नंतर किती कामाचे पडतात ते इंजिनच्या कामात समजलं होतं.

कडा सोडवल्यावर कांब्या काढायच्या होत्या. मी पहिली ओढणारच होतो, तेवढ्यात बाबा खुर्चीवरून म्हणाले, "अरे बाप्पा, आधी नंबर टाक ना. सगळ्या सारख्या दिसून राहिल्या तरी सारख्या नसतात त्या." खरंच नाहीत. पुढची जास्त सपाट, मधली जास्त उंच, मागच्याचा बाक वेगळाच, लांबीतही फरक. त्या आपसात बदलल्या तर एका जागी कापड ताणलं जाईल आणि दुसऱ्या जागी झोळ पडेल. मास्किंग टेप लावून पुढून १, २, ३ असे आकडे टाकले, डावं टोक कोणतं तेही लिहिलं. बाजूला एकेका कांबीसाठी एकाहून जास्त भोकं आहेत, कोणत्या भोकात होती तिथे मार्करने खूण केली. कांबी काढायची रीत अशी की तिला मागच्या बाजूला आडवी पाडायची, मग एक टोक आपोआप सुटतं. जोर लावून वाकवायची नाही, एकदा बाक बिघडला की तो परत येत नाही.

छत खाली आलं तेव्हा वरून जुन्या नमद्याचा (पत्र्याला आतून लावलेल्या दाबीव तंतूंच्या जाड थराचा) भुसा आणि गंजाची पूड पडली. चष्मा आणि मास्क आधीच लावला होता. ज्याला कोणाला हे करायचं असेल त्याने गॉगल घातल्याशिवाय डोकं वर करू नये, गंजाचा कण डोळ्यात जाणं म्हणजे दवाखाना.

जुनं कापड फेकलेलं नाही. गुंडाळून दिवाणात ठेवलं. आता तोच आमचा नकाशा आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

पुढची मागची काच काढली. कारण कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते, काच न काढता केलेलं काम कडेला उघडं पडतं. रबर कापूनच काढलं, नवीन घ्यायचंच होतं. काच बाहेरून शेजारच्या काकांनी धरली, आतून मी पायात मोजे घालून हळूहळू ढकलली, दोघांनाही घाम फुटला.

पुढच्या रबराखाली पत्रा गंजलेला निघाला, तीन-चार बोटं लांब. छतावरचे ते तपकिरी डाग इथूनच येत होते, पाणी रबरातून आत, मग नमद्यात, आणि नमदा म्हणजे स्पंज, एकदा भिजला की पंधरा दिवस ओला. आम्ही इतकी वर्षं डाग वरून पुसून राहिलो होतो.

२५ फेब्रुवारी

तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग गंजावर लावायचं ते फॉस्फोरिक ॲसिडवालं लिक्विड, धुऊन सुकवून दोन हात प्रायमर. एका जागी पत्रा आरपार गेला होता, तिथे डेंटरला घरी बोलावून छोटा तुकडा वेल्डिंग करून घेतला. वेल्डिंगच्या वेळी नमदा, कापड, थिनर काहीही गाडीत नव्हतं आणि पाण्याची बादली शेजारी होती.

कांब्या पण घासल्या आणि रंगवल्या. हे बरेच जण सोडतात. कांबी गंजकी ठेवली तर दोन पावसाळ्यांत नव्या कापडावर तपकिरी रेघा उमटतात, आमच्या जुन्या छतावर तशा स्पष्ट दिसत होत्या.

३ मार्च, रविवार

पत्र्याला आतून काय लावायचं यावर घरी चर्चा झाली. बाजारात डांबराचे पॅड स्वस्त मिळतात, आवाज कमी करतात हे खरं, फ्लोअरवर ठीक आहेत. पण छताला? एप्रिलमध्ये इथे दुपारी टपावर हात ठेवता येत नाही, डांबर मऊ होणार आणि वास सुटणार तो वेगळाच. म्हणून आवाजासाठी ब्युटाइल रबराचे छोटे तुकडे, ते पण फक्त पत्रा जिथे टिचकी मारल्यावर डब्यासारखा वाजतो तिथेच, आणि गर्मीसाठी ६ एमएमचा बंद छिद्रांचा फोम, एका बाजूला चांदीसारखा कागद असलेला. चकाकी खालच्या बाजूला, हवेकडे ठेवली. हा फोम पाणी पीत नाही, नमद्याचं दुखणं परत नको. यापेक्षा जाड घ्यायचा नाही, नाहीतर कांब्या वर टेकतील आणि मधली हवेची जागाच संपेल.

आतल्या दिव्याची वायर नवीन टाकली, जिथून खाली येणार तिथे दोरा बांधून लोंबता सोडला, म्हणजे कापडामागे शोधावी लागणार नाही.

१० मार्च, रविवार ते १२ मार्च

रविवारी दुकान बंद, म्हणून मंगळवारी ऑफिस सुटल्यावर इतवारीच्या बाजारात गेलो. रेक्झिन ५४ इंच पन्ह्याचं येतं, आतून छताची रुंदी त्यात बसते, म्हणजे मधे उभा जोड लागत नाही. साडेतीन मीटर घेतलं. मूळचं बारीक छिद्रांचं आणि मळकट पांढरं होतं, तसंच शोधत होतो. दुकानदाराने डिझाइनवालंही दाखवलं, फुलाफुलांचं, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींच्या छताला असायचं तसं. ते पण मला मनापासून आवडतं. गेल्या ऑक्टोबरात त्यातल्या शेवटच्या टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली तेव्हा बाबांनी पेपरातलं ते कात्रण कापून ठेवलं होतं. पण आमच्या गाडीला साधंच बरं.

घेताना बाबांचा एक सल्ला कामी आला. ते एम्प्रेस मिलमध्ये होते, कापड हातात घेतलं की त्यांचं बोट आपोआप ताण पाहतं. रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड असतं, ते एका बाजूने कमी ताणतं आणि दुसऱ्या बाजूने जास्त. दोन्ही बाजूंनी ओढून पाहायचं आणि जास्त ताणणारी बाजू गाडीच्या रुंदीत ठेवायची, म्हणजे कडेला ओढल्यावर कापड कांब्यांवर बसतं.

१७ मार्च, रविवार

मास्तरकडे कापड दिलं. सीट कव्हर शिवणारे आहेत, मशीन जाड कापडाची, हात चांगला. जुनं छत उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवले आणि मापं घेतली. नेफ्यासाठी वेगळी सुती पट्टी लावायची ठरली, रेक्झिनचाच नेफा केला तर कांबी सरकत नाही.

२३ मार्च, शनिवार

बसलं नाही.

कापड घरी आणलं, कांब्या ओवल्या, टांगून पाहिलं तर मधे दोन ठिकाणी झोळ आणि बाजूंना कापड पुरतच नाही अशी स्थिती. मला वाटलं माझंच काही चुकलं, तीनदा काढलं, तीनदा लावलं. मग बाबा आत येऊन बसले, वर हात लावला, थोडं ओढलं आणि म्हणाले, "हे आडवं कापलंय." कापड वाचवायला मास्तरने तुकडे फिरवून कापले होते, म्हणजे ताणणारी बाजू गाडीच्या लांबीत गेली. सोबत दुसरी गोष्ट पण लक्षात आली, ती जास्त महत्त्वाची आहे: जुनं कापड चाळीस वर्षांत जिथे लोंबलं तिथे वाढलं आणि कडेला जिथे उन्हाने कडक झालं तिथे आखडलं, त्याचं माप जसंच्या तसं घेतलं की त्याचे दोषही उतरतात. नकाशा म्हणून ते चांगलं आहे, माप म्हणून नाही. जुन्या कापडावरून फक्त दोन गोष्टी घ्यायच्या, दोन नेफ्यांमधलं अंतर (तेही शिवणीवर मोजलेलं, कापडाच्या मधे नाही) आणि प्रत्येक नेफा कडेपासून किती अलीकडे संपतो ते. बाकीचं माप कांब्या गाडीत बसवून, टेपने, प्रत्यक्ष.

मास्तरला दोष देत नाही, मी उभं-आडवं सांगितलंच नव्हतं. कापडाचे पैसे गेले, साडेतीन मीटर परत घ्यावं लागलं.

२५ मार्च

धुळवड. काम नाही. पोट्ट्यांपासून गाडी वाचवायला ताडपत्री टाकून ठेवली, काचा नाहीत ना.

३० मार्च

दुसरं शिवून आलं. यावेळी मी आणि बाबा दोघंही मास्तरच्या दुकानात बसून होतो, खडूने प्रत्येक तुकड्यावर बाण काढला. मास्तर म्हणाले, "काका, तुम्ही रोज येऊन बसत जा ना." बाबा खूश. चहा झाला. चारी बाजूंनी चार-चार बोटं जास्तीचं कापड ठेवलं आहे, कापणं शेवटी.

३१ मार्च, रविवार

डिंकाची परीक्षा. याच्याशिवाय पुढे जाणार नव्हतो, कारण आधी एकदा दाराच्या पॅनलचं कापड एका स्प्रेच्या डिंकाने लावलं होतं आणि ते मे महिन्यात सालासारखं सुटून आलं होतं.

गच्चीवर जुन्या कूलरचा पत्रा ठेवला, त्यावर प्रायमर मारला आणि रेक्झिनच्या दोन इंची पट्ट्या तीन प्रकारच्या डिंकाने लावल्या: स्प्रे, चपला-बुटांना लावतात तो ट्यूबवाला, आणि सनमायका लावायचा सिंथेटिक रबरचा एसआर. एक दिवस सुकू दिलं, मग पत्रा उभा करून प्रत्येक पट्टीच्या टोकाला नट बांधून लोंबते सोडले.

३ ते ४ एप्रिल

दुपारी आईने फोन करून सांगितलं, "तुझा पहिला नट पडला." स्प्रेवाला. ट्यूबवाला दुसऱ्या दिवशी बोटभर सरकला. एसआरवाला होता तिथेच. ठरलं. पण एसआर पण दोन पातळ हात, दोन्ही बाजूंना, पत्र्यालाही आणि कापडालाही. जाड एकच हात दिला तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि उन्हात तोच सरकतो.

७ एप्रिल, रविवार

मी हे काम मुद्दाम एप्रिलवर ढकललं होतं. थंडीत रेक्झिन कडक असतं, तेव्हा कितीही ताणून लावा, मे महिन्यात ते मऊ होऊन लोंबणार. गरम असताना ताणून लावलं तर थंडीत उलट आणखी घट्ट होतं. कापड सकाळी दोन तास गच्चीवर उन्हात पसरून ठेवलं, घड्या निघून गेल्या.

मग डिंक न लावता नुसतं टांगलं. मागच्या कांबीपासून सुरू केलं आणि पुढे आलो. प्रत्येक नेफ्याच्या दोन्ही टोकांना थोडं थोडं कापावं लागतं, म्हणजे कांबीचं टोक भोकापर्यंत पोचतं, पण एका वेळी अर्धा इंच, जास्त नाही. नेफा जास्त कापला गेला की कडेपाशी कापड कांबी सोडून खाली येतं, आणि ते नंतर कशानेही झाकत नाही. कापडाच्या बरोबर मधोमध मागून पेन्सिलची रेघ आणि पत्र्यावर पुढे-मागे मधोमध खूण, दोन्ही जुळवल्या. सगळीकडून कपड्याचे चिमटे आणि ऑफिसचे काळे क्लिप लावून रात्रभर सोडलं. आईचे सगळे चिमटे गाडीत आहेत.

९ एप्रिल

पाडवा. गाडीला हार घातला, आत छत टांगलेलं, चिमट्यांसकट. श्रीखंड-पुरी. काम नाही.

१४ एप्रिल, रविवार

पुढची आणि मागची कड. मधल्या खुणेपासून सुरुवात, मग एकदा डावीकडे वीतभर, एकदा उजवीकडे वीतभर. एसआर लावल्यावर बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलं होतं पण इथल्या उन्हात पाच-सहा मिनिटांतच होऊन जातं, म्हणून एका वेळी फूटभरच लावला. एकदा टेकला की हलत नाही, म्हणून आधी चिमटा सोडायचा, ओढून पाहायचं, मग टेकवायचं. चारी दारं उघडी, दोन्ही काचांच्या जागा मोकळ्या, तरी वासाने डोकं जड होतं, दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन बसलो. कूलर मुद्दाम बंद ठेवला. मोटरची ठिणगी आणि या डिंकाची वाफ यांना एकत्र आणायचं नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी, मतदान. सकाळी सातलाच आईबाबांना घेऊन मत देऊन आलो आणि साडेआठला गाडीत शिरलो. आज बाजू. भाचा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघांनी एकाच वेळी सारखंच ओढायचं, नाहीतर शिवणी नागमोडी होतात. दोन दारांमधल्या खांबापासून सुरुवात करून पुढे-मागे. बाबा मागच्या सीटच्या जागी स्टूल टाकून बसले आणि शिवणीकडे पाहत राहिले, "डावीकडे सोड जरा, सोड, बस." त्यांची नजर इंचीटेपपेक्षा खरी आहे. दुपारी एकला थांबलो, आत बसवतच नव्हतं.

२१ एप्रिल, रविवार

कोपरे. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे कोपरे फक्त, पूर्ण दिवस. तिथे कापड दोन दिशांनी वळतं. कडेच्या जास्तीच्या कापडाला पाकळ्यांसारख्या चिरा द्यायच्या, पण चीर कडेच्या ओठापर्यंत न्यायची नाही, बोटभर अलीकडे थांबायचं. उजव्या कोपऱ्यात माझी एक चीर पाव इंच जास्त गेली. मागून रेक्झिनचाच तुकडा चिकटवून आधार दिला, बीडिंगखाली झाकलं जातं, पण मला माहीत आहे ते तिथे आहे.

उरलेल्या सुरकुत्या हीट गनने काढल्या. गन हातभर लांब आणि सारखी फिरती ठेवायची. रेक्झिन चमकायला लागलं की थांबायचं, त्याच्यापुढे ते वितळतं. आधी जुन्या वाया गेलेल्या कापडावर हात बसवून घेतला, त्या साडेतीन मीटरचा तेवढा तरी उपयोग झाला.

सनव्हायझर आणि आरशाची भोकं सुईने टोचून शोधली, वायरचा दोरा सापडला. ब्लेडने अधिकच्या चिन्हासारखी (+) बारीक चीर, मोठं भोक नाही.

२८ एप्रिल, रविवार

काचा. नवीन रबर काचेवर चढवलं, रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली, साबणाचं पाणी लावलं, काकांनी आणि भाच्याने बाहेरून काच दाबली आणि मी आतून दोरी हळूहळू ओढली, दोरी जसजशी निघते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या आत येतो. मागची पहिल्याच वेळी बसली, पुढची तिसऱ्यांदा. मग पाइपने दहा मिनिटं पाणी सोडलं आणि आत कोरडं वर्तमानपत्र पसरून पाहिलं. पुढे डाव्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग. रबराखाली सीलंट भरलं, परत पाणी, आता कोरडं.

३१ मे, शुक्रवार

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे. काल शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दाखवलं म्हणून दिवसभर सगळ्यांचे फोन, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. खरा आकडा त्यापेक्षा बराच कमी, तरी गाडी मुद्दाम दुपारी १२ ते ४ बाहेर उभी ठेवली, काचा बंद. चारला दार उघडलं तेव्हा आतली हवा तोंडावर आली, भट्टीसारखी. टॉर्च घेऊन सगळी कड पाहिली. पुढची कड जागेवर, बाजू जागेवर, डावा कोपरा जागेवर. उजव्या कोपऱ्यात तुकड्याच्या वर एक बारीक सुरकुती आली आहे, दोन इंचांची, ती सकाळी गार झाल्यावर दिसते का पाहायची. बीडिंग काढून परत ओढायची की राहू द्यायची ते त्यानंतर.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आईबाबांना घेऊन फुटाळा तलावापर्यंत गेलो. आई मागे बसली, तिने अंबाड्यावरून हात वर नेला आणि मधली जागा बोटांनी मोजली. चार बोटं.

उरलेलं कापड, कांब्यांच्या नंबरांचा कागद आणि दुसऱ्या वेळचे माप लिहिलेले खाकी कागद एका पिशवीत घालून मागच्या सीटखाली ठेवले आहेत.